हुलग्याचं पाणी आणि नानांचं पोटॅशियम

साताऱ्याच्या पूर्वेकडचा माण-खटाव आणि सांगलीचा आटपाडी-जत हा पट्टा नकाशावर दोन जिल्ह्यांत असला तरी जेवणाच्या बाबतीत एकच आहे. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पाऊस कमी, जमीन हलकी, त्यामुळे ज्वारी, बाजरी, मटकी आणि हुलगा. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. या पट्ट्यात कुणाला ताप आला, सर्दी झाली, बाळंतीण अशक्त झाली की चुलीवर हुलगा चढतोच. शिजवून वरचं पाणी काढलं, त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की ते कढण. भाजून पीठ केलं आणि ते पाण्यात किंवा ताकात कालवून उकळलं की माडगं. कुठे ते गूळ-सुंठीचं करतात, कुठे तिखट-मिठाचं. आमच्या घरी तिखट-मिठाचं.

मी पुण्यात कोड लिहिते. खाद्यसंस्कृतीचा इतिहास हा काही माझा विषय नव्हता. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रिपोर्टमध्ये पोटॅशियम 5.6 आलं आणि तो झाला. नॉर्मल साधारण 3.5 ते 5. बीपीनं त्यांची किडनी हळूहळू निकामी होत आलीय. आहारतज्ज्ञांनी जो कागद दिला त्यात मीठ कमी, डाळी मोजून, नारळपाणी बंद असं बरंच होतं. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी एकच सल्ला दिला: रोज वाटीभर हुलग्याचं कढण द्या, किडनीला चांगलं असतं.

हा सल्ला आला कुठून, हे मला शोधायचं होतं. कारण तो कुणी हवेत दिलेला नव्हता.

हुलगा दख्खनमध्ये फार जुना. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत, इतर धान्यांबरोबर जळालेले हुलग्याचे दाणे मिळाले आहेत. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचं नाव कुलत्थ. खोकला, दमा आणि मुतखडा यांवर तो सांगितलाय. मुतखडा किडनीत होतो, म्हणून हुलगा किडनीला चांगला, हा पुढचा उड्डाणपूल आपल्या नातेवाइकांनी बांधला. पण खडा अडकणं आणि किडनीची गाळणीच निकामी होणं हे दोन वेगळे आजार आहेत. पाइपात कचरा अडकणं वेगळं आणि पंप जळणं वेगळं.

त्याहून जास्त मला गुंतवलं ते यूष या शब्दानं. यूष म्हणजे कडधान्य शिजवून काढलेलं पातळ सार. सुश्रुतसंहितेत त्याचे दोन प्रकार केलेत. मीठ, तेल-तूप आणि तिखट न घातलेलं ते अकृत, घातलेलं ते कृत. (तिखट म्हणजे तेव्हा सुंठ, मिरी, पिंपळी. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, सोळाव्या शतकात.) चरकसंहितेत शोधनानंतर माणसाला परत जेवणावर आणायचा क्रम दिलाय: आधी पेया, मग विलेपी, मग अकृत यूष, मग कृत यूष आणि शेवटी मांसरस. मला हे वाचताना सॉफ्टवेअर रिलीज आठवलं. एकदम सगळं चालू करायचं नाही. एकेक गोष्ट सुरू करायची आणि शरीर काय म्हणतं ते बघायचं. आज हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचं जेवण देतात, ते याहून फार वेगळं नाही.

म्हणजे मीठ-तेल काढून सार करायची युक्ती आपल्याकडे किमान दीड-दोन हजार वर्षं आहे. 'पथ्याचं' म्हणून आपण जे नाक मुरडत पितो ते मूळ पदार्थाची मोडतोड नाही. उलट माणदेशात मीठ आणि तेल सढळ असणं हीच नंतरची गोष्ट वाटते. इथलं मीठ कोकणातून घाट चढून बैलांच्या पाठीवर यायचं, आणि इंग्रजांच्या काळात त्यावर कर होता. 1888 ते 1903 या काळात तो मणाला अडीच रुपये होता. दुष्काळात तर धान्यच मोजून मिळायचं. 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमवर आणलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. सातारा जिल्हा त्या दुष्काळात होता. दिवसभर खडी फोडून एवढ्याशा धान्यावर जगणाऱ्या घरात मूठभर पिठात तांब्याभर पाणी घालून सगळ्यांची पोटं गरम करणारा पदार्थ का टिकतो, हे वेगळं सांगायला नको.

पण इथेच नानांची अडचण सुरू होते. कढण आणि माडगं ज्या आजाऱ्यासाठी घडले तो उपाशी होता, तापानं थकलेला होता, त्याचं पचन मंदावलेलं होतं. त्याला पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं हवीच होती. नानांच्या रक्तात क्षार साठतायत. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, म्हणून ज्यांचं पोटॅशियम वाढलंय अशा किडनीच्या रुग्णांना सांगतात की डाळी-भाज्या भिजवा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. आता कढण म्हणजे काय? तेच पाणी. चोथा बाजूला ठेवून जे आपण आजाऱ्याला देतो, त्यात कडधान्यातलं बरंचसं पोटॅशियम उतरलेलं असतं. हजारो वर्षांचा 'हलका' पदार्थ या एका आजारात जड ठरतो. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेव्हा हा वाद नुसता चवीचा राहत नाही.

परंपरा इथे चुकली, असं मला म्हणवत नाही. तिच्यासमोर हा रुग्णच नव्हता. किडनी निकामी झालेला माणूस पूर्वी वर्षानुवर्षं जगायचा नाही. विलेम कोल्फ यांनी डायलिसिसचं यंत्र नेदरलँड्समध्ये केलं ते 1943 मध्ये; जोर्दानो आणि जोव्हानेत्ती या इटलीतल्या डॉक्टरांचा कमी प्रथिनांचा आहार आला 1963-64 मध्ये. मिरजेला डॉ. वानलेस यांचं हॉस्पिटल 1894 पासून आहे, दोन्ही जिल्ह्यांतले आजारी तेव्हापासून मिरजेची वाट धरतात. पण किडनीच्या पथ्याचं हे शास्त्र आमच्या आजीच्या उमेदीत जेमतेम जन्मलं होतं.

मग घरी वजनकाटा आला. भाजलेल्या हुलग्याच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 1 ग्रॅम पोटॅशियम असतं. घरातल्या मोठ्या वाटीभर दाट माडग्याला आई 40 ग्रॅम पीठ घ्यायची, म्हणजे 400 मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा 2 ते 3 ग्रॅम असलेल्या माणसाला हे फार होतं. मिठाचा हिशोब आणखी मजेदार निघाला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही नाही. आई वरून मीठ घालणं बंद करून निश्चिंत होती. पण आमच्या भागातल्या वर्षभराच्या कांदा-लसूण मसाल्यात तो टिकावा म्हणून मीठ कुटलेलंच असतं. दोन चमचे मसाला म्हणजे न दिसणारं मीठ. आणि बाजारातलं 'लो सोडियम' मीठ तर नानांना अजिबात नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. बीपीवाल्या शेजाऱ्याला चालणारं पाकीट नानांना घातक.

चहाचंही तसंच. पुणे-सातारा रस्त्यावर आता दर थोड्या अंतरावर गुळाच्या चहाची पाटी दिसते, आरोग्यदायी म्हणून. गुळात उसातली खनिजं राहतात, त्यात पोटॅशियमही आलं. साखरेत ते जवळपास नसतं. नानांना मधुमेह नाही, त्यामुळे आमच्याकडे अर्धा कप साखरेचा चहा पथ्याचा आणि गुळाचा कुपथ्याचा. हे आत्याला पटवायला दोन फोन लागले.

माडगं मात्र बंद केलं नाही. नानांचं जेवण तसंच कमी झालं होतं आणि संध्याकाळची ती गरम वाटी गेली असती तर भाकरीही गेली असती. आहारतज्ज्ञांना विचारून, दुपारच्या डाळीतून तेवढं वजा करून, आता पीठ 10 ग्रॅम. दाटपणासाठी त्यात चमचाभर तांदळाची पिठी. ताक नाही. लसूण तव्यावर करपेपर्यंत भाजून ठेचलेला, जिरं, मिरी, वरून लिंबाचे चार थेंब, कारण आंबट लागलं की जीभ मीठ कमी मागते. मसाल्याऐवजी नुसती मिरचीपूड. मीठ वाटीत नाही. दिवसाच्या वाटणीचं मीठ आई सकाळी छोट्या डबीत काढून ठेवते आणि नाना ते कुठे खर्च करायचं ते ठरवतात. बहुतेक वेळा भाजीवर.

पहिल्या दिवशी नाना म्हणाले, "हे माडगं नाही, माडग्याची आठवण आहे." वाटी मात्र रिकामी केली. पुढच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 5.1 आलं. त्यात औषधाचा वाटा किती आणि पिठाचा किती, ते डॉक्टरही सांगत नाहीत.