अलीगढचे विद्यार्थी कसे जमवले गेले

1857 च्या उठावानंतर उत्तर भारतातली मुसलमान घराणी इंग्रजी शाळांपासून दूर राहिली. मुलगा तिथे गेला की धर्म सोडेल, ही भीती मोठी होती. सर सय्यद अहमद खान यांनी 1875 मध्ये अलीगढला शाळा काढली आणि 1877 मध्ये लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. मुलांची वाट पाहत बसणे संस्थेला परवडणारे नव्हते. त्यामुळे पालकांची भीती अभ्यासक्रमातच काढून टाकली गेली: सुन्नी आणि शिया मुलांना धर्मशिक्षण वेगवेगळे मिळे. दूरगावच्या मुलासाठी वसतिगृह होते. हिंदू विद्यार्थ्यांनाही प्रवेश होता.

1886 पासून सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या मुसलमान शिक्षण परिषदेची अधिवेशने वेगवेगळ्या शहरांत भरू लागली. भाषणे आणि ठराव पुष्कळ झाले, पण अलीगढचे नाव घरोघरी पोहोचले ते या अधिवेशनांमुळेच. 1903 च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्षपद मुंबईचे न्यायाधीश बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याकडे होते.

खरी कल्पक योजना विद्यार्थ्यांची होती. 1889 च्या सुमारास स्थापन झालेल्या त्यांच्या ‘अंजुमन-उल-फर्ज’ या संघटनेचे सभासद सुटीत गावोगाव फिरत. गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी ते वर्गणी गोळा करत आणि कॉलेजची माहितीही देत. शिकलेला पोरगा नमाज विसरलेला नाही, हे पालकांना समोर दिसे. छापील पत्रकाने हे काम झाले नसते. देणगीदारांची नावे कॉलेजच्या भिंतींतल्या दगडांवर कोरली जात. 1920 मध्ये या कॉलेजचे विद्यापीठ झाले.