काळयात्रिकाचे हरवलेले दप्तर

इतिहासाची साधने नष्ट का होतात, या प्रश्नाचे उत्तर देताना आपण सहसा आग, पूर, वाळवी आणि परचक्र यांची नावे घेतो. काटकसर हे कारण त्या यादीत क्वचितच आढळते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एका संपन्न आणि शांत देशात, लक्षावधी लोकांच्या आवडीची एक कलाकृती मुख्यतः काटकसरीपायी पुसली गेली. आणि पुसणारे हात तिच्या निर्मात्यांच्याच कचेरीतले होते. पुढे तिचा जो भाग वाचला, तो बव्हंशी सामान्य प्रेक्षकांच्या वेडामुळे वाचला. या वेडाचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही कलाकृती म्हणजे ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवरून तिचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या बातमीच्या सावटाखाली हा भाग अनेकांच्या नजरेतून निसटला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. डॉक्टर म्हणवून घेणारा, खरे नाव कुणालाच ठाऊक नसलेला एक परग्रहवासी. बाहेरून पोलिसांच्या निळ्या दूरध्वनी-पेटीएवढे आणि आतून प्रशस्त दालनासारखे असलेले त्याचे ‘टार्डिस’ नावाचे काळयान. आणि त्यातून स्थळकाळाच्या वाटेल त्या टोकाला होणारा प्रवास, एवढीच मूळ कल्पना. या भांडवलावर ही मालिका डिसेंबर १९८९ पर्यंत चालली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ मध्ये नव्याने सुरू झाली.

मी ही मालिका पाहण्यापूर्वी वाचली. मुंबईच्या फोर्ट भागात पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांत तिच्या कथानकांवरून लिहिलेल्या छोट्या कादंबऱ्या अधूनमधून सापडत. ‘टार्गेट’ या नावाने त्या १९७३ पासून निघू लागल्या होत्या. त्यांतील साठाहून अधिक कादंबऱ्या टेरन्स डिक्स या एकाच लेखकाच्या आहेत. इंग्लंडातली मुले पडद्यावर पाहतात ते आपण कागदावर वाचतो, याची त्या वयात खंत वाटे. पुष्कळ वर्षांनी कळले की, जुनी कथानके तिकडेही सहसा पुन्हा दाखवली जात नसत. तिथल्या मुलांनाही ती या कादंबऱ्यांतूनच भेटत होती. प्रत्यक्ष भाग मी पुढे उसन्या व्हिडिओ-कॅसेटींवर पाहिले आणि तेव्हापासून आजवर ही संगत सुटलेली नाही. तेव्हा मी जे म्हणणार आहे त्यात भक्ताचा पक्षपात आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

मालिकेचा जन्म ज्यांच्या हातून झाला ती माणसे त्या काळच्या बी.बी.सी.त काहीशी उपरी होती. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन कॅनडाहून आलेले. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांच्या; त्या विभागात तेव्हा दुसरी स्त्री-निर्माती नव्हती. पहिल्या कथानकाचे दिग्दर्शक वारिस हुसेन चोवीस वर्षांचे आणि जन्माने लखनौचे. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही १९६१ सालची कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. फाळणीकडे सरकणाऱ्या लखनौच्या एका खानदानी घराण्याची ती कथा भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. मालिकेचे शीर्षक-संगीत रॉन ग्रेनर यांनी रचले आणि डीलिया डर्बीशायर यांनी चुंबकीय फितीचे तुकडे कापून, जोडून ते साकारले. ज्या फितीतून हा ध्वनी जन्मला, तीच फीत पुढे मालिकेच्या मुळावर आली, हा एक दैवदुर्विलास.

डॉक्टरबरोबर प्रवासाला निघणाऱ्या पहिल्या माणसांत दोन शाळाशिक्षक होते. इयन विज्ञान शिकवी, बार्बरा इतिहास. ही योजना सहेतुक होती. कधी भविष्यात तर कधी भूतकाळात जावे, मुलांना करमणुकीतून दोन्ही विषयांची गोडी लागावी, असा न्यूमन यांचा मानस होता. बटबटीत डोळ्यांचे राक्षस त्यांना नको होते. पण डिसेंबर १९६३ मध्ये टेरी नेशन यांच्या लेखणीतून आणि रेमंड क्युसिक यांच्या रेखाटनांतून ‘डालेक’ नावाचे यांत्रिक कवचातले क्रूर जीव अवतरले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. विज्ञानशिक्षकाची सरशी झाली. केवळ ऐतिहासिक अशी कथानके हळूहळू मागे पडली आणि जानेवारी १९६७ मध्ये संपलेल्या ‘द हायलँडर्स’ नंतर, १९८२ चा एक अपवाद वगळता, ती परंपराच खंडित झाली.

मालिकेचा खरा प्राण या ऐतिहासिक कथानकांत होता, असे माझे मत आहे. भविष्यात गेलेला डॉक्टर अन्याय मोडून काढू शकतो. भूतकाळात त्याचे हात बांधलेले असतात. १९६४ च्या ‘द अॅझटेक्स’ मध्ये बार्बराला तिथले लोक दैवी अवतार समजतात. त्या अधिकाराच्या बळावर नरबळीची प्रथा बंद पाडता येईल, असा तिला भरवसा वाटतो. डॉक्टर तिला बजावतो की, घडून गेलेल्यातली एकही ओळ बदलता येणार नाही. आणि अखेर तसेच होते. इतिहासाच्या शिक्षिकेला इतिहासापुढे हरावे लागते. मुलांच्या करमणुकीत एवढे कठोर सत्य सांगणारे लेखन मला फारसे आढळलेले नाही.

आता ही कथानके गेली कुठे ते पाहू. त्या वेळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर मुद्रित होत. ही फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. नट-संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रमाच्या पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. पुढे रंगीत चित्रण आले आणि कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. परदेशी विक्रीसाठी चित्रपटाच्या फितीवर प्रती काढलेल्या होत्या, पण विक्रीचे हक्क संपताच त्याही अडगळ ठरल्या. एका विभागाला वाटे, मूळ प्रत दुसऱ्याकडे असेल. दुसऱ्याचा समज उलटा. १९६७ ते १९७८ या काळात ही विल्हेवाट चालू होती. पहिल्या सहा वर्षांत प्रक्षेपित झालेल्या २५३ भागांपैकी नव्वदाहून अधिक भागांचे चित्र आजही गहाळ आहे. ‘द मिथ मेकर्स’, ‘द मॅसॅकर’, ‘द स्मगलर्स’, ‘द हायलँडर्स’ ही ऐतिहासिक कथानके तर समूळ गेली. इतिहास सांगणाऱ्या कथाच इतिहासजमा झाल्या.

या नुकसानीत वारिस हुसेन यांचे ‘मार्को पोलो’ही आहे. १९६४ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सात शनिवारी दाखवलेले हे कथानक तेराव्या शतकातल्या चीनमध्ये घडते. स्वदेशी परतण्याची परवानगी मिळावी म्हणून मार्को पोलो डॉक्टरचे काळयान कुबलाई खानाला नजर करायला निघतो. जग जिंकलेला खान संधिवाताने कण्हत येतो, डॉक्टरची पाठही धरलेली असते. आणि हे दोन वृद्ध एकमेकांच्या दुखण्यांची विचारपूस करीत सोंगट्यांचा डाव मांडतात. यानाखेरीज यात विज्ञानकथेचे काहीही नाही. सातही भागांचे चित्र नष्ट झाले आहे. तरीही मी हा प्रसंग सांगू शकतो, कारण प्रेक्षकांनी तो जपला.

घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वीच्या त्या काळात काही मुलांनी दूरचित्रवाणी-संचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवून एकेक भाग टिपला होता. आज गहाळ असलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी उपलब्ध आहे, तो या मुलांमुळे. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याची छायाचित्रे काढून ती कलावंतांना आणि दिग्दर्शकांना विकत. ‘मार्को पोलो’ची अशी छायाचित्रे स्वतः हुसेन यांच्या संग्रहात निघाली, एक भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता, त्याची मात्र नाहीत. ध्वनी आणि ही स्थिरचित्रे जुळवून ते कथानक आज पुन्हा उभे करता येते. आणखी एक नमुना पाहा. ऑस्ट्रेलियातील परिनिरीक्षकांनी मुलांना भीतिदायक वाटतील अशी दृश्ये कापून काढली होती. ती कात्रणे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९९६ मध्ये सापडली. मूळ भाग गेले आणि दाखवू नये म्हणून कापलेले तेवढे उरले!

आपल्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून, रद्दीच्या वाटेला लागलेली कागदपत्रे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ सिद्ध केली. दूरचित्रवाणी-मालिकेला त्या पंगतीला बसवण्याचा माझा हेतू नाही. परंतु शोधाची जात एकच आहे. १९८३ मध्ये लंडनमधील मॉर्मन पंथाच्या एका वास्तूच्या तळघरात दोन भाग सापडले. १९९२ मध्ये हाँगकाँगहून ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग परतले. २०१३ मध्ये फिलिप मॉरिस यांना नायजेरियातील जोस येथे सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. राजधानीने जे पुसले, ते एकेकाळच्या वसाहतींतल्या कोठारांनी सांभाळले, ही गोष्ट भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

या शोधांनी भक्तांना एक धडाही दिला. हरवलेली वस्तू नेहमीच अलौकिक वाटते. ‘सायबरमेन’ची कथा सापडण्यापूर्वी तिची कीर्ती अफाट होती, ती पाहिल्यावर अनेकांना तिच्यातील ढिलाई जाणवली. उलट २०१३ मध्ये मिळालेली ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ पूर्वी सामान्य गणली जात असे; पॅट्रिक ट्रॉटन यांची दुहेरी भूमिका प्रत्यक्ष दिसताच तिचे मोल वाढले. तेव्हा ‘मार्को पोलो’विषयीचे माझे प्रेमही कदाचित तिच्या अभावावर पोसलेले असेल. उद्या ते सात भाग सापडले तर माझे मत बदलण्याची माझी तयारी आहे. साधनापुढे मत नमते घेतेच.

मात्र पाठशुद्धीच्या नावाखाली मूळ पाठ बदलणे मला मान्य नाही. २०२३ मध्ये डालेकांचे पहिले सात भागांचे कथानक रंगवून आणि पंचाहत्तर मिनिटांत आटोपून सादर झाले. नव्या पिढीसाठी ते उपयुक्त असेल. पण ती नवी आवृत्ती आहे, पोथी नव्हे. त्या कथेची संथ गती हाच तिचा काळ आहे. गहाळ भाग ध्वनीच्या आधारे चलच्चित्रांतून उभे करण्याचा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण काय उरले आहे आणि काय नवे आहे हे त्यात लपत नाही.

मालिकेला स्वतःलाही ही जाणीव असावी. विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यामुळे ऑक्टोबर १९६६ मध्ये डॉक्टरचा देह बदलून ट्रॉटन आले. नट बदलला तरी पात्र तेच, ही युक्ती मालिकेला दीर्घायुष्य देऊन गेली. ज्या भागात हे प्रथम घडले तो भाग गहाळ आहे. कायापालटाचे काही क्षण तेवढे उरले, कारण मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात ते दाखवले गेले होते. पुढे या मालिकेवर वाढलेली मुलेच तिचे लेखक आणि नायक झाली, रसेल टी. डेव्हिस, डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी ही त्यांतली ठळक नावे.

११ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ या भागाशी येऊन मी थांबतो. त्याचे लेखक विनय पटेल. ऑगस्ट १९४७. पंजाबातल्या एका शेतावर मुसलमान उम्ब्रीन आणि हिंदू प्रेम यांचा विवाह होऊ घातला आहे आणि सीमारेषा त्यांच्याच जमिनीतून जाणार आहे. डॉक्टरच्या रूपात आता जोडी व्हिटेकर ही अभिनेत्री आहे. परग्रहावरून आलेले दोन जीव मारेकरी असावेत असा तिला संशय येतो. प्रत्यक्षात ते साक्षीदार निघतात. त्यांचे जग नष्ट झाले, त्याचा शोक करायला कुणी उरले नाही. म्हणून कुठेही एकाकी मरणाऱ्यांच्या अखेरच्या क्षणी हजर राहण्याचे व्रत त्यांनी घेतले आहे. प्रेमचा जीव घेणाऱ्यांना आणणारा त्याचा सख्खा भाऊच असतो. डॉक्टरला हे ठाऊक असूनही पाठ फिरवून निघून जावे लागते.

बार्बराचा चौपन्न वर्षांपूर्वीचा पराभव इथे परत येतो. ज्या मालिकेचा पहिला भाग लखनौत जन्मलेल्या, फाळणीने तोडलेल्या समाजातून आलेल्या दिग्दर्शकाने उभा केला, ती मालिका फाळणीपर्यंत यायला पंचावन्न वर्षे लागली. उशीर झाला खरा. पण ती आली ती राक्षसाला मारून सर्व काही सुरळीत करण्यासाठी नव्हे, इतिहासाची साक्ष राहण्यासाठी आली. घडून गेलेले बदलता येत नाही, विसरले जाणे मात्र टाळता येते. ध्वनिमुद्रकाजवळ श्वास रोखून बसलेल्या त्या मुलांनी याहून वेगळे काय केले होते?