गावकूस : एव्हिआं, १९३८

दुसरे महायुद्ध शिकवताना वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच, "सर, ज्यूंचे हाल तेव्हा जगाला ठाऊक नव्हते का?" ठाऊक होते. इतकेच नव्हे, ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी त्यावर नऊ-दहा दिवस बोलत बसले होते. मी ज्या पुस्तकावर पदवी घेतली त्यात म्युनिक कराराला दोन पाने होती. त्याच्या अडीच महिने आधीच्या या परिषदेला एक ओळही नव्हती.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नात ज्यू स्त्री-पुरुषांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावले गेले आणि कालपर्यंतचे शेजारी भोवती उभे राहून हसत होते. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनी गावकीची कामे केली त्यांना ती समजावून सांगावी लागत नाहीत.

निर्वासितांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिषद बोलावली. स्वित्झर्लंडला आपल्या भूमीवर ती नको होती, म्हणून सरोवराकाठच्या एव्हिआं या फ्रेंच गावी, हॉटेल रॉयलमध्ये, ६ ते १५ जुलै १९३८ या काळात ती भरली. निमंत्रणातच आश्वासन होते की, सध्याच्या कायद्यात बसतील त्याहून जास्त माणसे घेण्याची अपेक्षा कोणत्याही देशाकडून केली जाणार नाही. म्हणजे दार उघडायचे नाही हे आधी ठरले आणि मग चर्चेला बसले! पॅलेस्टाइनचा विषय निघू नये, ही काळजी ब्रिटनने घेतली. फ्रान्स म्हणाला, आम्ही भरून गेलो आहोत. लॅटिन अमेरिकेतील देशांना शेतकरी हवे होते. डॉक्टर, वकील, व्यापारी नको होते. सहानुभूती मात्र प्रत्येकाने व्यक्त केली. ज्यांच्याविषयी हे चालले होते त्यांच्या संघटनांना एका उपसमितीपुढे काही मिनिटे मिळाली. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर तिथे होत्या. त्यांना ऐकण्याची मुभा होती, बोलण्याची नव्हती. शेवटी एक समिती नेमली गेली. ठरावात जर्मनीच्या निषेधाचे एक वाक्य नाही.

ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी टी. डब्ल्यू. व्हाइट यांचे म्हणणे मला सर्वांत प्रामाणिक वाटते. आमच्या देशात वंशाचा खरा प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छा नाही, असे ते म्हणाले. ज्या भूमीच्या मूळ रहिवाशांना हुसकावून तो देश उभा राहिला, त्यांना लोकसंख्येत न मोजण्याचे कलम तेव्हा त्याच्या राज्यघटनेत होते. ते १९६७ च्या सार्वमताने गेले. जी माणसे मोजायचीच नाहीत, त्यांचा प्रश्न कसा असेल? राष्ट्रांची हृदये सीमेपाशी येऊन कोरडी पडतात, असे आपण समजतो. कोरड त्याआधीच पडलेली असते. गावकूस आधी गावात बांधले जाते. देशाची सीमा ही त्याचीच लांबवलेली भिंत.

एका देशाने मात्र एक लाख निर्वासितांपर्यंत घेण्याची तयारी दाखवली. तो डॉमिनिकन प्रजासत्ताक. त्याचा हुकूमशहा त्रुहियो याने आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, सीमेवरील हजारो काळ्या हैतीयनांची कत्तल करवली होती. त्याला डागाळलेले नाव धुवायचे होते आणि देशात गोरी प्रजा वाढवायची होती. हैतीयनांच्या रक्ताने माखलेल्या हातांनी ज्यूंसाठी दार उघडले! प्रत्यक्षात काही शेकडा लोकच तिथे पोचले. जे पोचले ते वाचले, हेही खरेच.

अमेरिकेची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. काळ्या माणसांना झुंडीने ठार मारण्याविरुद्धचे एक विधेयक सिनेटर रॉबर्ट वॅग्नर यांनी पुढे आणले होते. दक्षिणेच्या सिनेटरांनी १९३८ च्या सुरुवातीला सुमारे सहा आठवडे भाषणे लांबवून ते मारले. याच वॅग्नर यांनी १९३९ मध्ये एडिथ रॉजर्स यांच्यासह दुसरे विधेयक आणले : जर्मनीतून चौदा वर्षांखालील वीस हजार मुले दोन वर्षांत, ठरलेल्या कोट्याबाहेर, घ्यावीत. तोवर नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जळून गेली होती. ब्रिटनने त्यानंतर सुमारे दहा हजार मुले घेतली, आईबापांविना का होईना. अमेरिकेत विरोधक म्हणाले, आधी आपली मुले. 'आपली' कोणती? दक्षिणेत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्यासाठी हे गळे कधी दाटले नव्हते. दुसरे विधेयकही मेले.

त्याच वसंतात 'सेंट लुइस' हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून हवानाला गेले. क्युबाने २८ जणांना उतरू दिले. फ्लोरिडाचे दिवे डेकवरून दिसत होते; अमेरिकेने बंदर दिले नाही. जून १९३९ मध्ये जहाज युरोपात परतले आणि चार देशांनी प्रवासी वाटून घेतले. त्यांपैकी २५४ जण पुढे नाझी संहारात मारले गेले.

वर्षभराने, १९४० च्या उन्हाळ्यात, ब्रिटनवर बॉम्ब पडू लागले. तेव्हा ब्रिटिश मुलांसाठी अमेरिकेने व्हिसाचे नियम तातडीने सैल केले. त्यांना अमेरिकन जहाजांतून आणता यावे म्हणून ऑगस्टमध्ये तटस्थतेचा कायदाही बदलला. अनेक अमेरिकन घरांनी त्या मुलांसाठी दारे उघडली. मध्ये समुद्र तोच होता, आणि आता त्यात पाणबुड्या होत्या.