केवडा, मोरचूद आणि कायदा

द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाची धास्ती का वाटते, हे नाशिककडच्या माणसाला सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर झड लागली, की पानांवर तेलकट डाग उमटतात. हा केवडा, म्हणजेच डाऊनी. तो घडांवर उतरला तर वर्षाची कमाई जाते.

हा रोग मूळचा अमेरिकेतला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला आणि तिथल्या बागा उजाड होऊ लागल्या. अशा वेळी बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या काही वेली हिरव्यागार दिसल्या. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना मारलेला होता! १८८५ मध्ये मिलार्दे यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. तेच आपले बोर्डो मिश्रण.

आपल्याकडे कायदा आला तो माणसे दगावल्यावर. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. बुरशीनाशकेही त्याच कायद्याखाली येतात. त्यामुळे नियम हा शेतकऱ्याचा वैरी आहे, असे मी म्हणणार नाही.

मात्र रोगाचे गणित वेगळे असते. १९७७ च्या सुमारास मेटॅलॅक्झिल हे प्रभावी औषध आले. ते रोगाच्या एकाच मर्मावर घाव घालते. १९८० मध्येच आयर्लंडात बटाट्याचा करपा त्याला दाद देईनासा झाला. करपा हा केवड्याचाच भाऊबंद. मग मेटॅलॅक्झिलला मॅन्कोझेबची जोड देण्यात आली. मॅन्कोझेब एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून रोगाला त्यातून निसटणे अवघड जाते.

डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाने याच मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. प्रजननावर आणि संप्रेरकांवर होणारा परिणाम हे त्याचे कारण. जुन्या तांब्यावरही तिथे मर्यादा आहे : सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. कारणे रास्तच आहेत. पण जोडीदार गेला, की सारा भार उरलेल्या औषधांवर पडतो आणि तीही लवकर निकामी होण्याचा धोका वाढतो.

म्हणून मला वाटते, एखादे औषध बंद करताना त्याची जागा कोण घेणार, हेही त्याच बैठकीत ठरावे. बागायतदारानेही वेलीत हवा खेळती ठेवावी, हवामान पाहून फवारावे, औषधे आलटून-पालटून वापरावीत. बंदीचा आदेश एका दिवसात निघतो. पर्याय उभा राहायला वर्षे लागतात.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)