बंद नळीतील पाणी : ब्रिटिश घरांतील तापनव्यवस्था आणि देखभालीचा इतिहास

प्रस्तावना :
तंत्रविज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात या प्रवृत्तीवर आक्षेप घेऊन वापर आणि देखभाल यांच्या इतिहासाकडे लक्ष वेधले. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने ब्रिटनमधील घरगुती सेंट्रल हीटिंगचा विचार केला आहे. बॉयलरमध्ये तापविलेले पाणी नळ्यांवाटे खोल्यांतील रेडिएटरमध्ये खेळवायचे व निवल्यावर परत आणायचे, अशी ही रचना होय. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. त्या पाण्याचे काय होते, हा येथील प्रश्न आहे.

प्रसार :
अँजियर मार्च पर्किन्स यांनी १८३१ मध्ये बंद लोखंडी नळ्यांतून गरम पाणी खेळविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तथापि सामान्यांच्या घरी ही सोय यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. १९५२ च्या डिसेंबरातील लंडनचे विषारी धुके, त्यानंतरचा १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आणि १९६७ ते १९७७ या काळात झालेले नैसर्गिक वायूकडील स्थित्यंतर यांमुळे कोळशाची शेगडी मागे पडली. १९७० च्या सुमारास सुमारे एक तृतीयांश घरांत असलेली ही व्यवस्था शतकाच्या अखेरीस दहांपैकी नऊ घरांत पोहोचली. बहुतेक विवेचने येथेच थांबतात.

साठलेला गाळ :
या व्यवस्थेत पोलादी रेडिएटर आणि तांब्याच्या नळ्या एकत्र नांदतात. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू लोखंडाशी संयोग पावून संपला की गंजण्याची क्रिया मंदावते. म्हणजे जुने पाणी स्वतःहून फारसे घातक नसते. घातक ठरते ते नवे पाणी. जुन्या पद्धतीत माळ्यावर पाण्याची एक छोटी टाकी असे. कोठे गळती होऊन पाणी घटले की टाकीतील तरंगता गोळा खाली जाई आणि तोटी आपोआप उघडून भर घाली. घरमालकास गळतीचा पत्ताही लागत नसे. मात्र प्रत्येक भरीबरोबर ताजा प्राणवायू आत जाई. सोयीसाठी केलेली योजनाच दुर्लक्षास कारण झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विहिरीचा गाळ निदान डोळ्यांना दिसतो. हा दिसत नाही.

गंजातून मॅग्नेटाइट हा काळा, जड लोह-ऑक्साइड तयार होतो व रेडिएटरच्या तळाशी बसतो. त्यामुळे रेडिएटर वर गरम आणि खाली थंड राहतो. उलट वरचा भाग थंड असल्यास तेथे वायू कोंडलेला असतो. तो वारंवार सोडावा लागत असेल, तर तो गंजण्यातून निर्माण झालेला हायड्रोजनही असू शकतो.

उपाय कष्टाचा, पण साधा आहे. बॉयलर बंद करून पाणी निवू द्यावयाचे, टाकीची आवक रोखावयाची, सर्वांत खालच्या निचरा-तोटीस रबरी नळी जोडून पाणी बाहेर सोडावयाचे आणि वरच्या मजल्यापासून हवेच्या झडपा उघडत यावयाचे. नुसत्या निचऱ्याने बसलेला गाळ निघत नाही. म्हणून रेडिएटर उतरवून अंगणात धुणे किंवा पंपाने जोराचा, उलटसुलट प्रवाह सोडणे भाग पडते. शेवटी गंजरोधक द्रव्य घालून व्यवस्था भरतात. पेटंटे दप्तरखान्यांत जपली जातात. हे काम करणाऱ्या नळ-कारागिरांच्या हिशेबवह्या कोण जपणार?

नियमनाचे आगमन :
पाण्याच्या प्रक्रियेविषयीचे बीएस ७५९३ हे ब्रिटिश मानक १९९२ मध्ये आले. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवीन वायू-बॉयलर, काही अपवाद वगळता, कंडेन्सिंग प्रकारचा असणे बंधनकारक झाले. हेतू इंधनबचतीचा होता. परंतु जुन्या बिडाच्या बॉयलरमधील रुंद वाटा जो गाळ सहन करीत, तो नव्या बॉयलरच्या अरुंद वाटांना सोसेना. चाळीस वर्षांचे दुर्लक्ष असे एकाएकी खर्चाची बाब बनले. मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत नळीमार्गात गाळणी बसविण्याची आणि गंजरोधकाची दरवर्षी तपासणी करण्याची अपेक्षा नोंदविण्यात आली.