मॅडम सी. जे. वॉकर : पन्नास सेंटची डबी आणि तिच्यामागचे सामाजिक काम

‘अमेरिकेतील पहिली स्वकष्टार्जित महिला करोडपती’ अशी मॅडम सी. जे. वॉकर यांची ओळख अनेक ठिकाणी करून दिली जाते. गिनेस बुकातही त्यांची नोंद आहे. पण मृत्यूच्या वेळी त्यांची मालमत्ता सहा लाख डॉलरच्या आसपास होती, आणि आपल्याकडे दहा लाख डॉलर नाहीत हे त्यांनी हयातीतच वर्तमानपत्राला सांगितले होते. आम्हाला त्या आकड्यापेक्षा पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे जास्त महत्त्वाचे वाटते.

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म 23 डिसेंबर 1867, लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी, कापसाच्या मळ्यावर. आईवडील त्याच मळ्यावर गुलाम होते. घरात स्वतंत्र म्हणून जन्मलेले पहिले मूल म्हणजे सारा. सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या, चौदाव्या वर्षी लग्न झाले आणि विसाव्या वर्षी पतीचे निधन झाले. पदरात दोन वर्षांची मुलगी, लेलिया. सेंट लुईस शहरात त्यांचे भाऊ न्हाव्याचा धंदा करत होते, म्हणून त्या तिकडे गेल्या आणि पुढची अनेक वर्षे लोकांचे कपडे धुऊन पोट भरले. दिवसाची कमाई दीड डॉलरच्या आतच असे.

याच काळात त्यांचे केस गळू लागले. हे दुखणे त्यांच्या एकटीचे नव्हते. गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत घरात नळ नसे, केस क्वचित धुतले जात, साबण कास्टिकचा, आहार निकृष्ट. डोक्याच्या त्वचेवर खपल्या आणि फोड येत, केसांची मुळे जात. गोऱ्या ग्राहकांसाठी बनवलेल्या प्रसाधनांना या बायकांशी काही देणेघेणे नव्हते. सारा यांनी आधी ॲनी टर्नबो मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेचे मलम वापरले, मग त्यांच्याच विक्रेत्या झाल्या. 1905 मध्ये त्या डेन्व्हरला गेल्या. पुढच्या वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न करून त्यांनी ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने स्वतःचे मलम बाजारात आणले.

या मलमाची कृती स्वप्नात आलेल्या एका माणसाने सांगितली आणि काही जिन्नस आफ्रिकेतून मागवले, असे त्या सांगत. जाहिरातीसाठी गोष्ट छान आहे. प्रत्यक्षात ते व्हॅसलिनसारख्या बैठकीत गंधक मिसळलेले मलम होते, आणि कोंडा व खरजेवर गंधक हा जुनाच उपाय. मलोन यांनी नकलेचा आरोप केला होता. आमच्या मते मलोन यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करायला हवे. 2020 च्या नेटफ्लिक्स मालिकेत मलोन यांच्यावर बेतलेले पात्र खलनायिकेसारखे रंगवले आहे, ते अन्यायाचे आहे. वॉकर यांचे वेगळेपण मलमापेक्षा पद्धतीत होते : केस नियमित धुवा, त्वचा स्वच्छ ठेवा, मग मलम लावा.

नावातल्या ‘मॅडम’बद्दलही सांगायला हवे. त्या काळी दक्षिणेत गोरी माणसे वयस्क कृष्णवर्णीय बाईलाही नुसत्या नावाने किंवा ‘आँटी’ म्हणून हाक मारत. डबीवर ‘मॅडम’ आणि स्वतःचा फोटो छापल्यावर तसे हाक मारणे अवघड झाले.

1910 मध्ये कंपनी इंडियानापोलिसला आली आणि तिथे कारखाना उभा राहिला. पन्नास सेंटची डबी घरोघर नेणाऱ्या हजारो विक्रेत्या तयार झाल्या. यातल्या बहुतेकींना एरवी धुणी, स्वयंपाक किंवा शेतमजुरी एवढेच मार्ग होते. त्यांना प्रशिक्षण मिळे, कमिशन मिळे, आणि त्यांचे स्थानिक क्लब असत. 1917 मध्ये फिलाडेल्फियात दोनशेहून अधिक विक्रेत्यांचे अधिवेशन झाले. तिथे सर्वाधिक विक्री करणारीला बक्षीस होतेच, पण सर्वाधिक दानधर्म करणाऱ्या क्लबलाही होते. त्याच अधिवेशनाने लिंचिंगविरुद्ध अध्यक्ष विल्सन यांना तार पाठवली.

हे वातावरण अचानक तयार झालेले नाही. 1912 मध्ये शिकागोत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या व्यापारी संघटनेच्या परिषदेत वॉकर यांना बोलू दिले जात नव्हते. शेवटच्या दिवशी त्या स्वतःच उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतापासून कारखान्यापर्यंतचा प्रवास सांगितला. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर त्या निमंत्रित वक्त्या होत्या. 1917 च्या जुलैत ईस्ट सेंट लुईसमध्ये कृष्णवर्णीयांची कत्तल झाली, तेव्हा हार्लेममधील नेत्यांच्या शिष्टमंडळाबरोबर त्या व्हाइट हाउसला गेल्या. अध्यक्ष भेटले नाहीत. ते कामात आहेत, असे सचिवाने सांगितले.

दानाची यादी मोठी आहे. इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वायएमसीएच्या इमारतीसाठी एक हजार डॉलर, टस्कीगीत शिष्यवृत्त्या, मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्या शाळेला मदत, फ्रेडरिक डग्लस यांचे घर वाचवण्यासाठी वर्गणी. 1919 मध्ये एनएएसीपीच्या लिंचिंगविरोधी निधीला त्यांनी पाच हजार डॉलर देऊ केले. त्याच वर्षी 25 मे रोजी वयाच्या 51 व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. भविष्यातल्या निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश भाग सामाजिक कार्याला द्यावा, असे मृत्युपत्रात होते.

त्यांच्यावर टीकाही झाली. गरम कंगव्याने केस सरळ करणे म्हणजे गोऱ्यांचे अनुकरण, असे अनेकांचे म्हणणे होते. आपण केस सरळ करत नाही, त्यांची निगा राखतो, असे वॉकर सांगत. तरी त्यांच्या पद्धतीत गरम कंगवा होता, हे नाकारता येत नाही. त्वचा उजळण्याचे मलम मात्र त्यांनी विकले नाही. ‘टॅन-ऑफ’ नावाचे तसे मलम कंपनीने त्यांच्या मृत्यूनंतर काढले.

1927 मध्ये पूर्ण झालेली वॉकर इमारत आजही इंडियानापोलिसमध्ये आहे. एका नाट्यगृहाने वॉकर यांच्याकडून रंगामुळे दहाऐवजी पंचवीस सेंट मागितले, तेव्हा त्यांनी खटला भरला आणि आपले थिएटर बांधायचे ठरवले, असे सांगतात. नाव मात्र हातोहात फिरले. 2016 मध्ये लायबेरियात जन्मलेल्या रिचेल्यू डेनिस यांच्या संडियल कंपनीने ते पुन्हा बाजारात आणले, आणि 2017 मध्ये युनिलिव्हरने संडियल विकत घेतली. हीच युनिलिव्हर मुंबईतील हिंदुस्थान युनिलिव्हरची मूळ कंपनी. ‘फेअर अँड लव्हली’मधला ‘फेअर’ तिने 2020 मध्ये काढला.