हात लावण्याची मुभा

आजचा विषय ब्राउझरमध्ये कोड लिहिण्याचा आणि तिथेच तो चालवून बघण्याचा आहे. पण सुरुवात आपण आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशापासून करू. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. पुढे नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ते शुद्ध केले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. योग्यच होतं. ग्रंथ टिकवायचा तर मूळ पाठ जपावाच लागतो.

कोडचं मात्र वेगळं आहे. त्यात हात घातल्याशिवाय तो कळत नाही. एक आकडा बदलायचा, चालवायचा, काय होतं ते बघायचं. आपल्याकडे नेमकं इथंच अडलं. कॉम्प्युटर महाग, म्हणून घरात काय, शाळेत काय, पहिला धडा एकच: हात लावू नको, बिघडेल.

वेबच्या जन्मात ही भीती नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत पहिला ब्राउझर केला, त्यात पान वाचता येई तसं लिहिताही येई. लोकांपर्यंत पोचले ते मात्र मुख्यतः वाचायचे ब्राउझर. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला, आणि पानातला कोड वाचकाच्याच यंत्रावर चालू लागला. तोही बंदिस्त चौकटीत. आपल्या फायलींना तो परस्पर हात लावू शकत नाही. चुकलं तर पान पुन्हा उघडायचं, मूळ जसंच्या तसं हजर. म्हणजे पाठही सुरक्षित आणि बदलायची मुभाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांनी सायलॅबच्या कोडमध्ये उतरवली. 'सायलॅब ऑन क्लाउड'वर ती काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये चालवता येतात. पण गणित होतं दूरच्या सर्व्हरवर. रेंज गेली की काम थांबलं. दुसरी वाट वेबअसेंब्लीची. डिसेंबर २०१९ मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. त्याच्या आधारावर पायोडाइडसारख्या साधनाने पायथन खुद्द ब्राउझरमध्ये चालते. एकदा ती उतरली की गणित आपल्याच यंत्रावर. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एखाद्या मुलीकडे फक्त मोबाइल असेल, तर हा फरक निव्वळ तांत्रिक राहत नाही. तिचा अभ्यास रेंजवर अवलंबून राहणार की नाही, ते त्यावरून ठरतं.

आपण संगणक-साक्षर कोणाला म्हणतो? तयार प्रोग्राम वापरता येणाऱ्याला. पण नुसतं वाचता येणाऱ्याला आपण पूर्ण साक्षर म्हणत नाही. लिहिताही यावं लागतं. साधन आता फुकट आहे. 'हात लावू नको' हे वाक्य घरातून आणि वर्गातून काढायचं काम तेवढं उरलं आहे, आणि ते आपल्यासाठी कोणतीही कंपनी करणार नाही.